शैवालभक्षक माशांचे सहअस्तित्व : अन्नविभागणीच्या स्पष्टीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना :

ज्या दोन जातींच्या गरजा सर्वस्वी समान आहेत त्या एकाच अधिवासात दीर्घकाळ एकत्र टिकू शकत नाहीत, हे गॉझ यांचे तत्त्व होय. मिश्र मत्स्यसंवर्धनातील कटला पृष्ठभागावर, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी अन्न घेतो, हे उदाहरण त्याच्या समर्थनार्थ सहज दिले जाते. परंतु तलावातील ही मांडणी मानवी निवडीचे फलित आहे. निसर्गातील जाती याच रीतीने निर्माण झाल्या व टिकल्या, असे त्यावरून सिद्ध होत नाही. प्रस्तुत लेखात आफ्रिकेतील मलावी सरोवरात खडकांच्या आश्रयाने राहणाऱ्या ‘म्बुना’ गटातील सिक्लिड माशांच्या आधारे या स्पष्टीकरणाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :

म्बुनांच्या अनेक जाती खडकावरील शैवालाच्या थरावर उपजीविका करतात. त्यांच्या मुखरचनेतील भेद लक्षणीय आहेत. लॅबिओट्रोफिअसचे तोंड रुंद व खालच्या बाजूस असल्यामुळे तो खडकालगत राहून शैवाल खरवडतो, तर पेट्रोटिलापिया असंख्य बारीक दातांनी सैल शैवाल विंचरून घेतो. यावरून ‘जबडा वेगळा म्हणून अन्न वेगळे, आणि अन्न वेगळे म्हणून सहअस्तित्व शक्य’ अशी कार्यकारणाची साखळी जोडली जाते.

या साखळीची पहिलीच कडी कच्ची आहे. जेफ्री फ्रायर यांनी १९५९ मध्येच अनेक जाती एकच शैवालथर खात असल्याचे दाखवून दिले होते. १९८० मध्ये कॅरेल लिएम यांनी, विशेषीकृत मुखरचनेचे मासे प्रत्यक्षात विविध प्रकारचे अन्न घेऊ शकतात, हे निदर्शनास आणले. १९८३ मध्ये मॅकाय व मार्श यांना शैवाल खरवडणारे मासे प्लवकांकडे वळताना आढळले. १९९८ मध्ये रॉबिन्सन व विल्सन यांनी या विरोधाभासाची उकल सुचविली : सुलभ अन्न सर्वांनाच प्रिय असते, विशेषीकृत जबडा उपयोगी पडतो तो त्या अन्नाची टंचाई असताना. म्हणजेच जबड्यावरून माशाचा नित्याचा आहार ठरविणे धोक्याचे आहे.

येथे प्रतिपक्षाचाही विचार करावयास हवा. १९९९ मध्ये जेनर व सहकाऱ्यांनी समस्थानिकांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात म्बुनांच्या आहारात काही भेद आढळले. शिवाय रिबिंक व सहकाऱ्यांच्या १९८३ च्या सर्वेक्षणातून खोली व खडकांचे स्वरूप यांनुसार जातींची विभागणी दिसून आली. तेव्हा विभागणी होतच नाही, असे म्हणता येणार नाही. आक्षेप आहे तो तर्कपद्धतीवर. भेद सापडला तर तो स्पर्धेचा पुरावा मानावयाचा, आणि न सापडल्यास तो अद्याप शोधला गेला नाही असे म्हणावयाचे, ही भूमिका कोणत्याही निरीक्षणाने खोटी ठरू शकत नाही. आणि जे खोटे ठरूच शकत नाही त्याला वैज्ञानिक स्पष्टीकरण म्हणणे कठीण आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. जाती एकत्र कशा टिकतात आणि त्या मुळात वेगळ्या कशा झाल्या, हे दोन स्वतंत्र प्रश्न येथे एकच मानले जातात. व्हिक्टोरिया सरोवरातील सिक्लिड माशांवर १९९७ मध्ये सीहाउझेन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले संशोधन या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील माद्या नराचा रंग पाहून जोडीदार निवडतात. पाणी गढूळ झालेल्या ठिकाणी रंगभेद अस्पष्ट होतात आणि जातींची संख्याही कमी आढळते. खडक व शैवाल जागच्या जागी असूनही जातींमधील सीमा पुसल्या जाऊ शकतात, हे केवळ अन्नविभागणीच्या आधारे उलगडत नाही.

निष्कर्ष :

अन्नविभागणी हे सहअस्तित्वाचे एक कारण असू शकते, एकमेव कारण नव्हे. खोली, आधारपृष्ठ, टंचाईतील वर्तन व जोडीदाराची निवड यांपैकी प्रत्येकासाठी स्वतंत्र पुरावा आवश्यक आहे. हा भेद केवळ तात्त्विक नाही. जाती अन्नामुळेच टिकतात असे मानले, तर संरक्षणाचा विचार अन्नापुरताच मर्यादित राहील आणि पाण्याची पारदर्शकता दुर्लक्षित होईल. म्हणून अध्यापनात गॉझ यांचे तत्त्व सिद्ध नियम म्हणून नव्हे, तर तपासण्याजोगे गृहीतक म्हणून मांडणे उचित ठरेल.