शून्य कार्य : पदार्थविज्ञानातील एका वाक्याची समीक्षा

पाठ्यपुस्तकाची समीक्षा आपल्याकडे कुणी करीत नाही. कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती निघाल्या तरी त्यावर चर्चासत्र होते. पाठ्यपुस्तक मात्र मुले पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ करतात आणि त्यातल्या वाक्यांनी कोणते जग गृहीत धरले आहे हे कुणी विचारीत नाही. म्हणून मी येथे एकच वाक्य तपासायला घेतो आहे. डोक्यावर ओझे घेऊन सपाट फलाटावरून चालणारा हमाल शून्य कार्य करतो, हे ते वाक्य. पुस्तकांतून, गाइडांतून आणि शिकवण्यांतून ते वर्षानुवर्षे चालत आले आहे.

माझे वडील मोंढ्यात हमाल होते. नववीत हे वाक्य मी मराठीतून वाचले तेव्हा मला काहीच टोचले नाही. आमच्या घरी ‘कार्य’ म्हणजे लग्न आणि काम म्हणजे काम. दोहोंचा संबंध मला लागलाच नाही. विज्ञानाची मराठी परिभाषा आपल्या तोंडची नाही, हा आपला आक्षेप एरवी खराच आहे. (धरणात गाव गेलेल्या मुलाने ‘विस्थापन’ हा शब्द कसा वाचावा?) पण येथे त्या परक्या शब्दानेच मला सांभाळले होते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

अकरावीला विज्ञान शाखेत सारेच इंग्रजी झाले. शब्दकोश उघडून बसलो. ‘वर्क’ म्हणजे काम. आता वाक्याचा अर्थ झाला, हमाल काही कामच करीत नाही. वर्गात हशा पिकला. मीही हसलो. परीक्षेत शून्य लिहून पूर्ण गुण घेतले. घरी सांगितले तेव्हा वडील रागावले नाहीत. “मंग हमाली कशाची देतेत?” एवढेच त्यांनी विचारले.

याचे उत्तर मला बी.एस्सी. होईपर्यंत देता आले नाही, आणि ते पदार्थविज्ञानातच होते. कार्य करते ते बल. ओझे तोलून धरणारे बल वरच्या दिशेने, विस्थापन आडवे. दोहोंत 90 अंशांचा कोन, आणि त्याचा कोसाइन शून्य. म्हणून त्या बलाने ओझ्यावर केलेले कार्य शून्य. शास्त्राला एवढेच म्हणण्याचा अधिकार आहे. या वाक्याने कर्ता बदलला, ‘बला’च्या जागी ‘हमाल’ बसवला. ही चूक आधी शास्त्राची आहे, मग माणुसकीची.

50 किलोचे पोते जमिनीवरून दीड मीटर उचलून डोक्यावर घेताना गुरुत्वाविरुद्ध सुमारे 735 ज्यूल कार्य होते. पुस्तक तेवढे मोजते. गाडीपासून गोदामापर्यंतच्या पुढच्या दोनशे पावलांसाठी त्याच्याकडे आकडा नाही. पण ओझे नुसते तोलून धरलेल्या स्नायूतही आकुंचन अखंड चालू असते. भाकरीतून आलेली ऊर्जा खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. घाम काही शून्यातून येत नाही. वर, चालताना धड आणि ओझे दर पावलागणिक किंचित खालीवर होते ते वेगळेच.

ही व्याख्या घडली यंत्रांसाठी. 1829 साली कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने यंत्रांच्या परिणामाची गणना करणारा ग्रंथ लिहिला आणि बल व अंतर यांच्या गुणाकाराला श्रमाचाच रोजचा फ्रेंच शब्द दिला. इंजिनाने किती वजन किती उंच चढवले, याचा हिशेब या व्याख्येने चोख लागतो. माणसाच्या श्रमाचे माप म्हणून ती कुणी घडवलीच नव्हती. इकडे महाराष्ट्राने 1969 साली माथाडी आणि हमाल कामगारांसाठी कायदा केला. माथ्यावर वाहतो तो माथाडी. कायद्याने ज्याला श्रम म्हटले त्याला उदाहरणातले वाक्य आजही शून्य म्हणते.

विज्ञानात जात आणू नका, असे मला एका सहकाऱ्याने सुनावले. वर्तुळाकार कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहावर गुरुत्वाचे कार्य शून्यच असते. पुस्तकांची पिशवी हातात धरून उभ्या राहिलेल्या प्राध्यापकाचेही शून्यच. मग पहिल्या झटक्याला हमालच कसा आठवतो? तरीही त्याला पुस्तकातून काढा असे मी म्हणत नाही. आमच्यातला माणूस त्या पुस्तकात एवढ्या एकाच ठिकाणी येतो. त्याचा हिशेब पुरा करा, एवढीच मागणी आहे.

आपल्या आत्मकथनांकडेही बोट दाखवले पाहिजे. त्यांत शाळा आहे, भूक आहे, वसतिगृह आहे, शिष्यवृत्तीची वाट पाहणे आहे. व्हर्नियर कॅलिपर पहिल्यांदा हाती घेणारा आपला मुलगा मला त्यांत फारसा भेटलेला नाही.

मी आता हे वाक्य फळ्यावर लिहितो आणि त्याचा कर्ता शोधायला सांगतो. यंदा एक मुलगी उभी राहिली. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. “सर, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना शून्य नाही ना येणार?” नाही, म्हटले, काढ. फळीच्या वरच्या टोकाची उंची तिने स्वतःच मांडली. मोळी किती किलोची धरायची, असे मी विचारले.

“आईला फोन करून सांगते,” ती म्हणाली.