‘भत्ता सोडला’ आणि ‘भत्ता सुटला’ : ब्रिटिश बेकारांच्या नोंदी व तीन कलाकृती

मराठीत ‘त्याने नोकरी सोडली’ आणि ‘त्याची नोकरी सुटली’ ही दोन वाक्ये एकाच माणसाविषयी, एकाच दिवशी उच्चारली जाणे अशक्य नाही. पहिले वाक्य तो स्वतः चारचौघांत सांगेल. दुसरे त्याची आई शेजारणीला सांगेल. ‘सोडणे’ या सकर्मक क्रियापदात कर्त्याची इच्छा गृहीत धरलेली असते. ‘सुटणे’ या अकर्मक रूपात ती लोपते. ‘त्याला कामावरून काढले’ या तिसऱ्या रचनेत काढणाऱ्याचे नाव घेतलेले नसले, तरी तो वाक्याच्या पाठीमागे उभा असतोच. इंग्रजीतील ‘लीव्ह’ या क्रियापदाला अशी सोडणे–सुटणेसारखी जोडी नाही. ब्रिटनमधील बेकारी भत्त्याविषयीच्या सांख्यिकी वाङ्मयात ‘लीव्हर्स’, म्हणजे भत्ता घेण्याचे थांबलेले लोक, हा शब्द रूढ आहे, आणि ते पुढे कोठे गेले याची पाहणी ही तेथील सामाजिक संशोधनाची एक मान्य शाखा आहे. त्या शब्दाचे मराठी भाषांतर ‘भत्ता सोडणारे’ असे केले की अर्धा वाद भाषांतरातच निकालात निघतो. सोडला की सुटला, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. आणि त्याचे उत्तर खात्याच्या कोष्टकांपेक्षा तीन ललित कृतींत अधिक स्पष्ट मिळते, असे दाखविता येते.

प्रथम शब्दांचा इतिहास थोडक्यात पाहावा. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने काही निवडक धंद्यांतील कामगारांस आठवड्यास ७ शिलिंग, वर्षातून अधिकांत अधिक १५ आठवडे, असा भत्ता देऊ केला. वाटप १९१३ मध्ये सुरू झाले. विम्याचा हप्ता भरलेल्या माणसाचा तो करारसिद्ध हक्क होता. परंतु पहिल्या महायुद्धानंतर लोकांच्या तोंडी जो शब्द बसला तो ‘डोल’. त्याचा मूळ अर्थ ‘वाटा’. पुढे तो धर्मादाय वाटपाला लागला. हक्काच्या रकमेला लोकभाषेने भिक्षेचे नाव दिले, यातच पुढील कथेचे बीज आहे. १९२१ पासून १९३० पर्यंत ‘आपण खरोखरीच काम शोधीत आहोत’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी बेकारावर होती. ती अट गेली आणि १९३१ मध्ये कुटुंबाच्या मिळकतीची चौकशी आली. १९९६ मध्ये भत्त्याचे नावच बदलून ‘जॉबसीकर्स अलाउन्स’, म्हणजे काम शोधणाऱ्याचा भत्ता, असे झाले. हा बदल वरवरचा मानू नये. ‘बेकार’ ही अवस्था आहे. ‘काम शोधणारा’ ही क्रिया आहे. अवस्थेतून बाहेर पडावयास परिस्थिती बदलावी लागते. क्रियेतून बाहेर पडावयास ती करताना न दिसणे एवढे पुरते. (मराठी ‘बेकार’ हा शब्दही निर्दोष नाही, ‘ज्याला काम नाही तो’ आणि ‘ज्याचा काही उपयोग नाही तो’ हे दोन अर्थ आपण एकाच शब्दात सुखाने नांदू दिले आहेत.)

या शतकाच्या आरंभीच्या ब्रिटिश कोष्टकांत भत्ता थांबण्याच्या कारणांची जी यादी दिसते, ती भाषेच्या अभ्यासकाने एखाद्या संहितेप्रमाणे वाचावी अशी आहे. काम मिळाले, आठवड्याचे कामाचे तास १६ किंवा अधिक झाले, परदेशी गमन, दुसऱ्या भत्त्याची मागणी, पूर्णवेळ शिक्षण, सरकारी प्रशिक्षण, निवृत्तीचे वय, तुरुंग, न्यायालयात हजेरी, सदोष मागणी, मागणी थांबविली, मृत, अज्ञात, आणि सर्वांत विलक्षण अशी नोंद म्हणजे ‘सही करण्यास चुकला’. दर पंधरवड्याला कार्यालयात येऊन सही करणे हा त्या काळी भत्त्याचा प्राण होता. बाकीच्या बहुतेक नोंदी माणूस कोठे गेला हे सांगतात. ही नोंद तो कोठे आला नाही एवढेच सांगते. तरीही ती ‘कोठे गेले’ या शीर्षकाखालीच मोजली जाई, आणि ‘अज्ञात’ या नोंदीसह तिचा वाटा लहान नव्हता. किंबहुना नोंदवहीतून पुरेसे कळत नाही म्हणूनच संबंधित खात्याला भत्ता थांबलेल्या लोकांच्या स्वतंत्र नमुना-पाहण्या कराव्या लागल्या. २०११ सालची पाहणी ही त्यांपैकी एक.

संख्याशास्त्रज्ञ म्हणेल की नोंदवही ही कादंबरी नव्हे, आणि तिच्याकडून कादंबरीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आक्षेप रास्त आहे. लाखो माणसांची मोजणी करावयाची तर खाने पाडावेच लागतात. परंतु खान्याचे नाव हे वाक्य असते, आणि वाक्याला कर्ता असतो. ‘काम मिळाले’ हे वाक्य सुखान्त वाटते, कारण ते कसे मिळाले आणि त्याची किंमत कोणी दिली हे सांगण्यास त्या वाक्यात जागाच नसते.

हीच जागा वॉल्टर ग्रीनवुड याच्या ‘लव्ह ऑन द डोल’ (१९३३) या कादंबरीने व्यापली आहे. ग्रीनवुड स्वतः सॅल्फर्डचा. बेकारी त्याने भोगलेली. कादंबरीतील हॅरी हार्डकॅसल हा तरुण यंत्रशाळेत सात वर्षे उमेदवारी करतो, आणि उमेदवारी संपून पूर्ण मजुरीचा हक्क येताच बाहेर पडतो. सात वर्षे शिकून तो कारागीर होतो तो नेमका अनावश्यक होण्यासाठी. येथून पुढे भत्ता. मग मिळकतीची चौकशी येते, आणि घरात इतर कोणाची प्राप्ती आहे म्हणून हॅरीचा भत्ता बंद होतो. येथे ‘भत्ता सोडला’ असे म्हणणारा माणूस मराठीत सापडणार नाही. ‘भत्ता तुटला’ असेच कोणीही म्हणेल. आणि ज्या घराने त्याला पोसावयाचे, त्या घरातही या तुटण्याचे पडसाद उमटतात, कारण बहिणीची मजुरी ही भावाच्या हक्काला आडवी येते.

परंतु ग्रीनवुडचे खरे धैर्य शेवटात आहे. हॅरीची बहीण सॅली ही लॅरी मीथ या विचारी कामगाराची वाग्दत्त वधू. निदर्शनात पोलिसांच्या हातून मार बसल्यानंतर तो मरतो. सॅली मग सॅम ग्रंडी या धनाढ्य जुगारवाल्याची रखेल होते, आणि त्याच्या वशिल्याने बाप व भाऊ या दोघांना बस कंपनीत नोकऱ्या लागतात. या घटनेकडे वर दिलेल्या यादीच्या नजरेने पाहावे. दोन माणसे, दोन्हींपुढे एकच शेरा : ‘काम मिळाले’. कोष्टकाच्या दृष्टीने हा आठवडा शुभ ठरतो. समीक्षकांनी या शेवटावर अतिनाट्याचा आरोप करण्याचे कारण नाही. उलट कादंबरीतील सैल भाग लॅरीची लांबलचक अर्थशास्त्रीय प्रवचने हा आहे. तेथे पात्र बोलत नाही, पुस्तिका बोलते. शेवटी मात्र लेखक गप्प बसतो. पहाटे मजुरांना उठवीत फिरणाऱ्या माणसाच्या ज्या दृश्याने कादंबरी उघडते, तेच दृश्य पुन्हा येते. वस्ती तशीच आहे, एका घराचे तेवढे भागले आहे. इंग्लंडच्या चित्रपट-परिनिरीक्षण मंडळाने १९३६ मध्ये या कथेच्या चित्रपटास हरकत घेतली होती. तो निघाला १९४१ मध्ये, युद्धामुळे बेकारी ओसरल्यावर. कथा भूतकाळाची झाली म्हणजे ती दाखविण्यास हरकत राहत नाही, हा परिनिरीक्षणाचा सार्वत्रिक नियमच आहे.

दुसरी कृती ॲलन ब्लीझडेल याची ‘बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’ ही लिव्हरपूलवरील दूरचित्रवाणी-नाट्यमाला. ती बीबीसीवर ऑक्टोबर १९८२ मध्ये सुरू झाली. त्याच महिन्यात ब्रिटनमधील बेकारांच्या मोजणीची पद्धतही बदलली. तोवर कामासाठी नाव नोंदविलेले लोक मोजले जात. त्यानंतर भत्त्याची मागणी करणारे मोजले जाऊ लागले. हा योगायोग असला, तरी अर्थपूर्ण आहे. ज्याला भत्ता नाही तो यापुढे सरकारी आकड्यापुरता बेकारही नव्हता. ही स्थिती १९९८ पर्यंत चालली. त्या वर्षी कुटुंब-पाहणीवर आधारलेला आंतरराष्ट्रीय व्याख्येचा आकडा मुख्य मानला जाऊ लागला.

ब्लीझडेलच्या पहिल्या भागात स्नोई मलोन हा गिलाव्याचे काम करणारा गवंडी येतो. तो भत्ता घेतो आणि चोरून रोखीने कामही करतो. खात्याचे तपासनीस कामाच्या जागी येतात. पळून जाण्याच्या प्रयत्नात तो वरून पडून मरतो. नोंदवहीचे गृहीत असे की काम आणि भत्ता ही दोन गावे आहेत आणि त्यांच्यामध्ये वेस आहे. माणूस एका गावातून दुसऱ्या गावात जातो. स्नोई वेशीवरच राहतो. आपल्या कारागिरीचा त्याला अभिमान आहे, आणि तो ज्या क्षणी पकडला जातो त्या क्षणी तो काम शोधीत नसून काम करीत असतो. नोंदवहीत त्याचा शेरा ‘मृत’ असा पडेल, व तो अचूक असेल.

योसर ह्यूज या पात्राविषयी अधिक लिहावयास हवे, कारण भाषेचा प्रश्न तेथे सर्वांत उग्र होतो. काम गेले, बायको गेली, मुले ताब्यातून गेली, घर गेले. या क्रमाने त्याची भाषाही जाते. शेवटी त्याच्याजवळ दोनच गोष्टी उरतात : काम मागण्याचे एक लहानसे वाक्य आणि स्वतःचे नाव. भेटेल त्याला तो हे ऐकवितो. आरंभी प्रेक्षक हसतो; तेच वाक्य दहाव्यांदा ऐकताना हसू घशात अडकते. ते वाक्य पुढे ब्रिटनभर लोकांच्या तोंडी झाले. काम मागणे ही ज्या भत्त्याची अट, तिचे पालन योसरइतके काटेकोरपणे कोणीच करीत नाही, हा त्यातील उपरोध ब्लीझडेलने कोठेही बोलून दाखविलेला नाही. तिन्ही कृतींत कलादृष्ट्या हीच श्रेष्ठ ठरते.

केन लोच यांचा ‘आय, डॅनियल ब्लेक’ (२०१६, पटकथा पॉल लॅव्हर्टी) हा चित्रपट कॅन महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी. न्यूकॅसलमधील डॅनियल हा सुतार. त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. डॉक्टर म्हणतात काम करू नये. आजारी माणसाच्या भत्त्यासाठीची तपासणी म्हणते की तो कामास लायक आहे. म्हणून त्याला ‘काम शोधणाऱ्याचा’ भत्ता मागावा लागतो, आणि जे काम मिळाले तरी स्वीकारता येणार नाही ते शोधण्याची क्रिया करून दाखवावी लागते. चित्रपटातील कार्यालयीन दृश्ये एकसुरी आहेत; एक सहृदय स्त्री वगळता तेथील कोणालाही चेहरा दिलेला नाही, आणि डॅनियल इतका निर्दोष रेखाटला आहे की त्याच्याशी भांडण्याची सोयच राहत नाही. तथापि एका प्रसंगात ही कृती ग्रीनवुडच्या उंचीला जाते. डॅनियल त्या सहृदय बाईसमोर बसून आपला भत्ता बंद करा असे सांगतो. ती त्याला परावृत्त करू पाहते. काय होईल हे तिने पाहिलेले आहे. तो उठून जातो.

व्याकरणदृष्ट्या हा तिन्ही कृतींतील एकमेव ‘सोडणारा’ आहे. कर्ता आहे, इच्छा आहे, क्रियापद सकर्मक आहे. आणि तरीही ‘सोडला’ हा शब्द येथे जितका खोटा वाटतो तितका अन्यत्र कोठेही वाटत नाही. यादीत त्याचा शेरा ‘मागणी थांबविली’. पुढे अपिलाच्या दिवशी तेथील प्रसाधनगृहात त्याचे हृदय बंद पडते. परंतु ‘मृत’ या खान्यात तो मोजला जाणार नाही, कारण त्या भत्त्याच्या वहीतून तो आधीच बाहेर पडलेला आहे. शेवटी वाचल्या जाणाऱ्या निवेदनात तो गिऱ्हाईक, सेवा घेणारा इत्यादी कार्यालयीन नावे नाकारतो व स्वतःला नागरिक म्हणवितो. हा भाग काहींना प्रचारकी वाटेल. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तो नामकरणाविरुद्धचा रीतसर अर्ज वाटल्यास नवल नाही.

मराठीत या विषयावर लिहिताना शब्दांची अडचण पडते, ती अपघाताने नव्हे. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात माणूस काम मागतो. भत्त्याचा प्रश्न शासन काम देऊ शकले नाही तरच उद्भवतो. त्यामुळे ‘क्लेमन्ट’ या शब्दास आपल्याकडे रुळलेला प्रतिशब्द नाही. ‘लाभार्थी’ हा शब्द सहज सुचतो व तो चुकीचा आहे. अर्थी म्हणजे इच्छिणारा, मागणारा. ‘दावेदार’ म्हटले की कज्जा आठवतो. ‘हक्कदार’ बरा, पण ज्याचा हक्क ठरावयाचा आहे त्याला तो आधीच देऊन टाकणे कार्यालयास रुचणार नाही.

२०१३ पासून आलेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ने तर वेसच पुसट केली. काम लागले म्हणजे भत्ता थांबतोच असे नाही; २०२१ च्या अखेरीपासून ठरावीक मर्यादेपलीकडील प्रत्येक पौंड कमाईमागे ५५ पेन्स कापले जातात. माणूस कामावर असतो आणि भत्त्यावरही असतो. स्नोईला जे चोरून करावे लागले त्याचे एक नियमबद्ध रूप आता अस्तित्वात आहे.

राहिली केटी. लोचच्या चित्रपटात लंडनहून दोन मुले घेऊन आलेली ही तरुणी डॅनियलची स्नेही होते. मुलांच्या पोटासाठी ती दुकानातून वस्तू उचलते, आणि पुढे देहविक्रयाकडे वळते. सॅली हार्डकॅसल आणि केटी यांच्यामध्ये ८३ वर्षांचे अंतर आहे, आणि दोघींनी दिलेले मोल एकच आहे. फरक हिशेबाचा. सॅलीमुळे १९३३ च्या वहीत दोन पुरुषांपुढे ‘काम मिळाले’ असा शेरा पडू शकतो. केटीने कोणताही भत्ता सोडलेला नाही, तिचा कोणताही भत्ता सुटलेला नाही. यादीतील एकही ओळ तिच्यासाठी नाही.