शापाचा दोष कसा झाला?

सर्वपित्री अमावास्येला गिरगावातली माणसे वाळकेश्वरी बाणगंगेवर श्राद्धाला जातात, ती पितरांसाठी. त्र्यंबकेश्वरी तीन दिवसांच्या नारायण-नागबळीला निघालेल्या दादर-परळच्या यजमानाच्या हाती मात्र बहुधा स्वतःची पत्रिका असते. लग्न जमत नाही, नोकरी टिकत नाही. ज्योतिषाने ‘पितृदोष’ सांगितलेला असतो.

‘बृहत्पाराशरहोराशास्त्रा’त पूर्वजन्मीच्या शापांचा एक अध्याय आहे. सर्पशाप, पितृशाप, मातृशाप, अगदी पत्नीशापसुद्धा. फळ मात्र सगळ्यांचे एकच: संततीची हानी. पितृशापावर गयाश्राद्ध, ब्राह्मणभोजन, कन्यादान असे उपाय दिले आहेत. नोकरीचा तिथे विषयच नाही.

नारायणबळी तर मुळात ज्योतिषातला नव्हेच. गिरगावात राहून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या पां. वा. काणे यांच्या चौथ्या खंडात (१९५३) अंत्येष्टी-श्राद्धाच्या विवेचनात तो भेटतो. आत्मघात केलेल्याला अग्नी, उदक, अशौच काहीच नाही, असा शास्त्राचा दंडक. वर्षाने नारायणबळी केला की त्याला श्राद्ध मिळण्याची वाट मोकळी होई. त्यासाठी कुंडली लागत नसे. मरण कसे आले एवढे कळले की पुरे. (दंडक कठोरच, पण वाळीत टाकलेल्या मृताला कुळात परत घेणारा हा विधी मला त्या साऱ्या पसाऱ्यात सर्वांत कनवाळू वाटतो.)

१९८२च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळात काहींनी जीव दिला. अशा काकाचे नाव पुष्कळ घरांत आजही कोणी काढत नाही. आणि त्याच घरातला पुतण्या पितृदोषासाठी स्वतःची जन्मवेळ सांगत असतो.