आधी आलेला पाऊस

तीन वर्षांपूर्वी रोहिणी नक्षत्र सरता सरता नायगावात एक दणक्याचा पाऊस झाला. अंगणात चिखल झाला, मातीचा वास सुटला आणि आबांनी सोयाबीनच्या बियाण्याच्या थैल्या आतल्या खोलीतून ओसरीवर आणून ठेवल्या. त्याच ओसरीवर लातूरहून सुटीत आजोळी आलेला माझा भाचा मोबाइलवर पोकेमॉनची लढत खेळत बसला होता. तो हरला. काय झालं रे, असे मी सहज विचारले. तो म्हणाला, ''मामा, माझा पाऊस आधी आला ना, म्हणून पुसला गेला.''

मी आयुष्यभर मराठी शिकवली. वाक्य कानावर पडले की त्याच्या पोटात काय आहे हे पाहण्याची खोड जात नाही. हेच वाक्य थैल्या मोजणाऱ्या आबांनी उच्चारले असते तर मला नवल वाटले नसते. मराठवाड्यात आधी आलेला पाऊस पुसला जातो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण जपानात बनलेल्या एका खेळाच्या नियमांतून ते कसे निघाले, याचा छडा लावावा असे वाटले. प्रस्तुत लेख त्या शोधातून झाला. साधने म्हणाल तर खेळाचे नियम, आणि त्यांवरचा भाष्यकार म्हणून एक चौदा वर्षांचा मुलगा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. त्या नादातून सुचलेला पोकेमॉनचा पहिला खेळ जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये आला. प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि झुंजवायचे, एवढेच त्याचे सूत्र. स्पर्धेतल्या लढतीला मात्र बुद्धिबळाचे वळण आहे. प्रत्येकाचा सहा प्राण्यांचा संघ असतो. दोन्ही खेळाडू एकमेकांचे न पाहता त्या फेरीचा डाव ठरवतात, आणि ज्याच्या प्राण्याचा वेग जास्त त्याचा डाव आधी पडतो. सुरुवातीला मैदानात उतरतो त्याला मी क्रिकेटच्या भाषेत सलामीवीर म्हणेन.

पहिल्या खेळात हवामान नव्हतेच. ते आले १९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या खेळांत. 'रेन डान्स' या डावाने पाऊस पडतो, पाण्याच्या हल्ल्यांची ताकद दीडपट होते, आगीच्या हल्ल्यांची निम्मी. 'सनी डे'ने ऊन पडते आणि हिशेब उलटा होतो. वाळूचे वादळही असते. हे सारे पाच फेऱ्या टिकते आणि विरते. पाऊस पाडण्यात जी फेरी जाते ती त्या पाचांतच मोजलेली, म्हणजे हाती उरतात चार. २००२ साली 'रुबी' आणि 'सफायर' आले आणि हवामानाला दुसरी वाट फुटली. काही प्राण्यांच्या अंगातच पाऊस किंवा ऊन असते. ते मैदानात आले की आभाळ आपोआप बदलते. डाव खर्चावा लागत नाही. सागराचा अधिपती कायोगर आला की पाऊस, भूमीचा अधिपती ग्राउडन आला की रणरणते ऊन.

हवामान करणे आणि हवामान असणे, असे हे दोन प्रकार झाले. भाच्याच्या वाक्याची किल्ली या दोहोंच्या फरकात आहे.

दोन्ही बाजूंचे सलामीवीर एकदमच उतरतात. दोघांच्याही अंगात हवामान असेल तर आधी कोणाचे लागू होणार? नियम म्हणतो, ज्याचा वेग जास्त त्याचे. ऐकायला हा सन्मान वाटतो, पण नंतर येणारे हवामान आधीच्याला पुसून टाकते. म्हणजे चपळाचा पाऊस क्षणभर पडतो, आणि मंदाचे ऊन त्यावर पसरून तिथेच थांबते. भाच्याचा सलामीवीर होता पॉलिटोड नावाचा हिरवा बेडूक, मूळ वेग ७०. समोर होते टॉर्कोल, पाठीवर कोळशाची शेगडी घेतलेले कासव, मूळ वेग २०. कासवाला अंगचे ऊन २०१६ च्या खेळात मिळाले आणि तेव्हापासून ते कित्येक चपळ प्राण्यांचा पाऊस असाच पुसत आले आहे. ससा-कासवाच्या गोष्टीत कासव जिंकते ते ससा झोपतो म्हणून. इथे कोणी झोपत नाही. कासव जिंकते कारण ते मंद आहे.

मुरलेल्या खेळाडूंना हे चांगले ठाऊक असते. २०१६ च्या जागतिक स्पर्धेच्या नियमांत कायोगर आणि ग्राउडन यांना त्यांच्या आदिम रूपांसह परवानगी होती. या रूपांतला पाऊस आगीचा हल्ला होऊच देत नाही आणि ऊन पाण्याचा. दोघांचाही मूळ वेग अगदी सारखा, ९०. त्यामुळे कोणाचे आभाळ टिकणार हे प्राणी वाढवतानाच ठरत असे, आणि कित्येक जण आपल्याच अधिपतीचा वेग मुद्दाम कमी ठेवत. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला अजिंक्य ठरलेला अमेरिकेचा वुल्फ ग्लिक कायोगर घेऊनच खेळला होता. जगातले सर्वांत ताकदवान प्राणी हाती असताना 'माझा तुझ्यापेक्षा सावकाश' अशी चढाओढ लागावी, ही मला या खेळातली सर्वांत वाचनीय जागा वाटते.

मग वेगवान सलामीवीराने हवामान आणावे, हा खेळाडूंमध्ये सर्रास दिला जाणारा सल्ला खोटा का? तो अर्धा खरा आहे, आणि अर्ध्याची सीमा पुन्हा करणे-असणे इथेच पडते. ज्याला डाव खर्चून पाऊस पाडायचा आहे त्याला वेग हवाच, कारण पाऊस पाडण्याआधीच तो मारला गेला तर सगळेच मुसळ केरात. याचे जुने उदाहरण इलेक्ट्रोडचे. हा प्राणी म्हणजे डोळे असलेला गोल स्फोटक चेंडू. २००६ च्या 'डायमंड' आणि 'पर्ल'पासून पाऊस आठ फेऱ्या टिकवणारा ओलसर दगड मिळू लागला आणि इलेक्ट्रोडला काम सापडले. त्या काळी त्याचा मूळ वेग १४० होता. त्याच्या पुढे जाणारे जवळपास कोणी नव्हते. पहिल्या फेरीत तो पाऊस पाडी, दुसऱ्या फेरीत स्वतःचा स्फोट करून मरे. मागून येणारा गडी विनासायास पावसात उतरे. तो किंगड्रासारखा पावसात दुप्पट वेगाने हलणारा असला तर उरलेल्या सहा फेऱ्यांत समोरच्याची दाणादाण. दगड नसेल तर उरत फक्त तीन फेऱ्या.

इलेक्ट्रोडला पावसाचा स्वतःला फारसा उपयोग नाही. तो विजेचा प्राणी. पाण्याचे हल्ले त्याचे नव्हेत आणि पावसात त्याचा वेगही वाढत नाही. त्याने केलेला पाऊस मुख्यतः मागच्यासाठी असतो. म्हणून अशा सलामीवीराची परीक्षा त्याच्या वेगावर करणे मला चुकीचे वाटते. मागे कोण उभा आहे आणि तो किती फेऱ्यांत काम उरकतो, हे पाहावे. मी पाहिलेल्या नवशिक्यांच्या संघांत सलामीला चपळ प्राणी आणि पावसाचा डाव असे, पण मागे पावसाची वाट पाहणारे कोणीच नसे. पाऊस पडे आणि वाया जाई.

पुढे २०१० मध्ये 'प्रँकस्टर' हा गुण आला. तो ज्याच्या अंगी आहे त्याचे हल्ल्याव्यतिरिक्तचे डाव वेगाची रांग मोडून आधी पडतात. वाऱ्याचा देव टॉर्नाडस या गुणाने पाऊस पाडू लागला. २०१९ च्या खेळापासून फेरीच्या मध्येच वेगाचा हिशेब नव्याने होऊ लागला. जोडीने खेळायच्या लढतीत टॉर्नाडसने पाऊस पाडताच शेजारचा गडी त्याच फेरीत दुप्पट वेगाने धावतो. चपळ सलामीवीराला याहून मोठे दान खेळाने दिलेले नाही. तरी मूळ न्याय इथेही सुटत नाही. समोर कापसाच्या बोंडासारखा दिसणारा व्हिम्सिकॉट असेल तर त्यालाही हाच गुण. त्याचा मूळ वेग ११६, टॉर्नाडसचा १११. दोघांचेही डाव रांगेबाहेर, पण आपसांत वेगाचीच रांग. आधी ऊन पडेल आणि पाच आकड्यांनी मागे असलेल्याचा पाऊस त्यावर टिकेल. आभाळावर दोघांनीही हक्क सांगितला की शेवटचा शब्द मंदाचा.

हा नियम योगायोगाने पडलेला असावा असे मला आधी वाटे. आता तसे वाटत नाही, निदान वाचक म्हणून वाटत नाही. या खेळात हवामान कोणाच्याच मालकीचे नाही. मी पाडलेल्या पावसात समोरच्याचे पाण्यातले प्राणीही तितकेच माजतात. पाऊस बांध ओळखत नाही, हे आपण म्हणतो ते इथे नियमात आहे. आपल्याकडे पाऊस लांबला की धोंडी निघते: पोरे अंगाला लिंबाचा पाला बांधतात, मुसळाला बेडूक टांगतात, दारोदार त्यांच्या अंगावर पाणी ओततात आणि सुपातून धान्य घालतात. तो बेडूक आणि पॉलिटोड एकमेकांच्या नात्यातले असावेत असे मला राहून राहून वाटते. फरक एवढाच, की आपला बेडूक पाऊस मागतो आणि तो आणतो. आणूनही तो त्याचा होत नाही, हे मात्र दोघांचे सारखे. ऑगस्ट २०१९ मध्ये मराठवाड्यावर कृत्रिम पावसासाठी औरंगाबादहून विमान उडाले होते, तेव्हाही हेच पाहिले. विमान गेले तरी मुळात ढग असावे लागतात, आणि पाऊस पडलाच तर तो कोणाच्या शिवारात पडेल हे वैमानिक ठरवत नाही.

इथवर खेळाची बाजू घेतली. आता तक्रार. या खेळात हवामान आहे, पण जमीन नाही. पाच फेऱ्या सरल्या की आभाळ निवळते आणि पाऊस पडला होता याची कुठेच खूण उरत नाही. ओल नाही, वापसा नाही, चिखल नाही. ज्याला आपण उघडीप म्हणतो आणि जिच्या दिवसांची बोटे मोजतो, ती या खेळाच्या लेखी 'काहीही हवामान नाही' अशी कोरी अवस्था आहे. उन्हाच्या अंगच्या गुणाचे नाव चक्क 'ड्रॉट', म्हणजे दुष्काळ. तो अंगी असणे हे इथे भाग्य. नऊ शेपट्यांची कोल्हीण दुष्काळ घेऊन येते आणि तिच्या बाजूची झाडेझुडपे त्यात वेगाने धावू लागतात! हे वाचून लातूरकराने हसावे की काय करावे?

गारपिटीचे तर त्यांनी फारच वाईट केले. आधी गारपिटीत बर्फाच्या प्राण्यांखेरीज बहुतेकांचा सोळावा हिस्सा प्राण प्रत्येक फेरीला जात असे. २०२२ च्या खेळात गारपीट काढून तिच्या जागी बर्फवृष्टी आणली. ती कोणालाच मारत नाही, उलट बर्फाच्या प्राण्यांना चिलखत देते. खेळाच्या तोलासाठी ते बरोबर असेलही. पण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली मराठवाड्याची गारपीट ज्याने पाहिली, गहू-हरभरा आडवा झालेला पाहिला, त्याला जुना नियम अधिक प्रामाणिक वाटणार.

ओल नसण्याची तक्रार मी जोरात करतो, त्याला खासगी कारण आहे. एका वर्षी मीच आबांच्या मागे लागलो होतो. पहिला पाऊस झाला, शेजारच्या शिवारात तिफणी चालू झाल्या, आपणही उरकून घेऊ. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला मी वर्गात मुलांना वाचून दाखवलेला होता. घरी विसरलो. आबा माझ्या शिकलेपणाला मान देऊन गप्प बसले. पेरणी झाली, बी तरारले आणि अठरा दिवस आभाळ कोरे राहिले. दुबार पेरणीच्या बियाण्याला आईच्या पाटल्या गेल्या. त्यावर घरात कोणी एक शब्द बोलले नाही, अजूनही बोलत नाही.

म्हणून त्या दिवशी भाच्याचे वाक्य ऐकून मी आबांकडे पाहिले. ते ओसरीवरून उतरले, चपला काढून परसातल्या वाफ्यात गेले आणि खुरपे रोवून माती उकरू लागले. भाचा मोबाइल ठेवून त्यांच्या मागे गेला.

''काय बघायलाव आबा?''

''वल किती गेली ते.''

ओल चार बोटांवर संपली होती. खाली फुफाटा. आबांनी खुरप्याची माती झटकली, थैल्या एकेक करून परत आत नेल्या आणि मला म्हणाले, ''तू सांगशील तसं.'' मी काहीच सांगितले नाही. भाच्याने तोवर बेडूक सलामीवरून काढून चौथ्या जागी ठेवला होता. कासव दमेपर्यंत तो आता बाहेर काढायचा नाही, असे तो मला समजावत होता, आणि आबा आतून विचारत होते की आर्द्रा कधी निघतात.