भाषेचें गांव

प्रादेशिक कादंबरीचें परीक्षण करतांना तींत तेथील मातीचा वास येतो, असें एक वाक्य आपल्याकडे हटकून लिहिलें जातें. परीक्षकाला म्हणावयाचें असतें तें बहुधा एवढेंच कीं, पुस्तकांतील पात्रें आपल्याहून निराळी मराठी बोलतात व ती वाचतांना मौज वाटते. ही मौज खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु भाषा आणि स्थान यांचा संबंध इतका वरवरचा असता, तर चार हेल आणि दहा गांवठी शब्द पेरून कोणालाही गांव उभें करतां आलें असतें. पुष्कळांनीं तसा प्रयत्न केलाही. त्यांचीं गांवें उभीं राहिलीं नाहींत. तीं कां राहिलीं नाहींत याचा थोडा विचार करावा, आणि आपण ज्याला 'आपलें गांव' म्हणतों तें आपणांस देतें कोण, हेंही त्या ओघांत पाहावें, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम भाषा स्थान कसें घडविते तें पाहूं. देशावरच्या शेतकऱ्याच्या तोंडीं 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन शब्द असतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे घरें वसलेली जागा. दोन रंगांच्या नांवांत सगळ्या गांवाची मांडणी येऊन जाते; माणूस सकाळीं पांढरींतून काळींत जातो आणि दिवेलागणीला पुन्हां पांढरींत येतो. कोंकणांत हे शब्द घेऊन गेलें तर ते निरुपयोगी ठरतात, कारण तेथील जमीन तांबडी आणि वस्ती विखुरलेली. तेथें घरांचा समूह म्हणजे वाडी, आणि अशा वाड्या मिळून गांव होतें. समुद्रालगतची ती खलाटी, डोंगराकडची ती वलाटी. सह्याद्री चढून गेलें कीं घाट लागला, आणि तिकडचा माणूस तो घाटी. पाण्याचा एकच लहानसा प्रवाह मालवणाकडे व्हाळ, देशावर ओढा आणि वऱ्हाडांत नाला होतो. कोशकाराच्या दृष्टीनें हे पर्यायी शब्द आहेत. तेथें राहणाऱ्याच्या दृष्टीनें नाहींत. व्हाळ म्हटला कीं त्यावरचा साकव डोळ्यांपुढें येतो, आणि ओढा म्हटला कीं उन्हाळ्यांत त्याच्या वाळूंत खणलेला झरा.

आणखी एक उदाहरण तर कित्येक मराठी घरांच्या दारांवरच लिहिलेलें असतें. गांवाच्या नांवाला 'कर' जोडून आडनांव करण्याची आपली रीत आहे. तीन पिढ्या गिरगांवांत किंवा दादरला काढलेलें कुटुंब त्या दोन अक्षरांनीं गांवाशीं बांधलेलें राहतें. गांवीं घर उरलेलें नसतें, जमीन कुळाकडे गेलेली असते, पण आडनांव सांगतांच समोरचा गृहस्थ विचारतो, "म्हणजे तुम्ही मूळचे कोठले?" हा 'मूळचे' शब्दही विचार करण्याजोगा आहे. मूळ झाडाला असतें आणि तें एकाच जागीं असतें. माणसाचेंही तसेंच असावें, ही अपेक्षा भाषेनें आधींच करून ठेवली आहे.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे कादंबरीकाराची अडचण कळते. ज्या भाषेंत कथन करावयाचें ती प्रमाण मराठी, आणि ज्यांचें कथन करावयाचें त्यांची बोली. बहुतेक लेखक येथें तडजोड करतात: निवेदन प्रमाण भाषेंत आणि संवाद बोलींत. ही वांटणी निरुपद्रवी दिसते. पण तिचा परिणाम असा होतो कीं, पाहणारा आणि अर्थ लावणारा तो प्रमाण मराठी बोलतो, व ज्याच्याकडे पाहिलें जातें तो बोली बोलतो. वाचकही नकळत पाहणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो. गांव त्याला दिसतें, पण आगगाडीच्या खिडकींतून दिसावें तसें.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ला (१९५५) ही अडचण बाधली नाहीं, याचें कारण त्यांनीं ती लपविली नाहीं. कथन करणारा तरुण मास्तर धनगरांच्या त्या वाडींत बाहेरून आलेला आहे. त्याची भाषा शाळेची, कारभाऱ्याची भाषा वाडीची. आणि या दोहोंमधलें अंतर हाच पुस्तकाचा एक विषय होऊन बसतो. मास्तर मुलांना अक्षरें शिकवितो, आणि वाडी मास्तराला मेंढरें, पाऊस व माणसें ओळखावयास शिकविते. शेवटीं दुष्काळानें वाडी उठते, तेव्हां मास्तराच्या मनाला जें होतें तें परक्याच्या मनाला होणारें नव्हे. त्यानें वाडीची बोली उचलली नाहीं. ती नीट ऐकली. तेवढ्यानेंही मनुष्य एखाद्या जागेचा होऊं शकतो, हें या लहानशा पुस्तकानें दाखविलें आहे.

श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'मध्यें (१९५२) प्रकार निराळा आहे. दापोलीकडच्या त्या गांवाशीं बापूचें वैर आहे. गांवच्या रूढींना तो जुमानीत नाहीं. पण तो भांडतो तें गांवच्याच वाणींत, तोच तिरकसपणा घेऊन आणि शब्दाला शब्द देऊन. त्यामुळें गांवाला त्याला वाईट म्हणतां येतें, परका म्हणतां येत नाहीं. आपलेपणा म्हणजे प्रेमच असलें पाहिजे असें नाहीं. ज्याच्याशीं त्याच्याच भाषेंत कडकडून भांडतां येतें तोही आपला असतो, हें पेंडशांनीं चांगलें ओळखलें आहे.

उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) याच्याही पुढें जाते. कौतिकच्या दारिद्र्याची ही कथा सांगतांना वऱ्हाडी बोली संवादांच्या कुंपणांत राहत नाहीं. तिचे शब्द आणि वळणें मधून मधून निवेदनांतही उतरतात. वाचकाला मग सुरक्षित खिडकी सांपडत नाहीं. कौतिकला लागणारी धग त्याला तिच्या चुलीजवळ बसूनच सोसावी लागते.

आणि बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या गाण्यांत पाहणारा व पाहिला जाणारा असे दोघे नाहींतच. बहिणाबाईंस लिहितां-वाचतां येत नव्हतें; त्यांचीं गाणीं त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्या जात्याला 'घरोट' म्हणतात. या शब्दाला टीप लागते ती आपल्यासाठीं. त्यांच्यासाठीं तें रोज पहांटे हाताखालीं फिरणारें दगडी यंत्र आहे, आणि तेंच फिरतां फिरतां विचाराचें साधन होतें. या गाण्यांचें कौतुक पुष्कळांनीं 'अशिक्षित बाईची विलक्षण प्रतिभा' अशा शब्दांत केलें. आम्हांस हें कौतुक उलट्या टोकानें धरलेलें वाटतें. बोलीची अडचण ओलांडून बहिणाबाई मोठ्या झाल्या नाहींत. संसार, मन आणि मरण यांविषयीं जें म्हणावयाचें होतें तें म्हणावयास त्यांची बोली पुरेशी होती. अडचण होती ती आपल्या कानांची.

यावर कोणी म्हणेल कीं, ही प्रमाण भाषेची निंदा झाली. तसा आमचा उद्देश मुळींच नाहीं. सावंतवाडीचा आणि भंडाऱ्याचा वाचक एकच मासिक वाचूं शकतात, हा प्रमाण मराठीचाच उपकार आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला, दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं. पुढें शाळा, छापखाना आणि कचेरी यांनीं मिळून तिला घडविलें. मराठीच्याच नांवावर १९४६ च्या बेळगांवच्या साहित्यसंमेलनानें संयुक्त महाराष्ट्राची हांक दिली, आणि १ मे १९६० रोजीं राज्य झालें. आमचा आक्षेप एवढाच आहे कीं, हीही भाषा कोठल्या तरी गांवची आहे, हें ती विसरून जाते. पुण्याच्या शिष्ट घरांतून ती निघाली, आणि वाटेंत तिनें आपला पत्ता पुसून टाकला. म्हणून इतरांच्या भाषेला आपण बोली म्हणतों आणि इतरांच्या कादंबरीला प्रादेशिक. सदाशिव पेठेंत घडणाऱ्या कादंबरीला कोणी प्रादेशिक म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

येथवर गांव आणि भाषा यांचें नातें गोडच आहे असें आपण धरून चाललों. पण 'गांवकूस' हाही गांवच्याच भाषेंतला शब्द आहे. ज्यांना गांवानें कुसाबाहेर ठेवलें त्यांच्यापैकीं अनेकांच्या आडनांवालाही तोच 'कर' लागलेला असतो. गांवानें त्यांना आपलें नांव दिलें, पाणवठा दिला नाहीं. लक्ष्मण माने यांनीं आपल्या आत्मकथनाला 'उपरा' (१९८०) हें नांव दिलें, तें किती नेमकें आहे हें येथें कळतें. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घालून गांवोगांव हिंडणाऱ्या, टोपल्या विणून पोट भरणाऱ्या कैकाडी कुटुंबांत घरची भाषा एक, गांवची दुसरी आणि शाळेची तिसरी. 'मूळचे कोठले?' हा आपला साधा, आपुलकीचा प्रश्न त्यांना विचारून पाहावा म्हणजे त्यांतली निष्ठुरता ध्यानांत येते. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'नें (१९७२) मुंबईच्या ज्या वस्तीचें नांव धारण केलें, तिची भाषा मुंबईंतच जन्मलेल्या पांढरपेशा वाचकालाही विचारून घ्यावी लागली. एकाच शहरांत राहणारे दोघे एकमेकांस किती परके असूं शकतात, हें त्या अडलेल्या शब्दांनींच दाखवून दिलें. या पुस्तकांनंतर गांवाविषयीं हळवें लिहिणें पूर्वीइतकें सोपें राहिलेलें नाहीं, आणि तें राहूंही नये. भाषा जागा देते हें खरें. पण ती कोणाला माजघरांत देते आणि कोणाला वेशीबाहेर, हें पाहिल्यावांचून तिचे गोडवे गाणें प्रामाणिकपणाचें नाहीं.

हा प्रश्न वाङ्मयापुरता असता तर त्याचा इतका विस्तार केला नसता. महाविद्यालयांत दर वर्षीं बाहेरगांवचीं मुलें येतात. पहिल्या सहामाहींत त्यांच्या 'ण' आणि 'न'ला वर्ग हंसतो. दुसऱ्या सहामाहींत तीं मुलें सांवरून, शब्द तपासून बोलूं लागतात. त्यांना प्रमाण भाषा येऊं लागली यांत वाईट कांहींच नाहीं. ती त्यांची मिळकतच आहे. वाईट तेव्हां होतें, जेव्हां पहिल्या भाषेची लाज वाटूं लागते. असा मुलगा सुट्टींत घरीं जातो आणि आईशीं पूर्वीपेक्षां कमी बोलतो. आई समजते, पोरगा शिकून शहाणा झाला. मुलाचें घर तेथेंच असतें, भिंती त्याच असतात; फक्त तेथें शिरावयाचें दार त्यानें हळूच लोटून घेतलेलें असतें. आणि हें केवळ खेड्यांतील मुलांचें दुखणें आहे असेंही सुशिक्षित कुटुंबांनीं समजूं नये. इंग्रजी शाळेंत जाणारा आपला नातू आजीच्या प्रश्नांना 'हो' किंवा 'नाहीं' एवढेंच उत्तर देऊं लागला, म्हणजे तीच गोष्ट आपल्याही घरांत घडूं लागली.

टीकाकाराचें काम यांत थोडें आहे, पण तें त्याचेंच आहे. ग्रामीण कथा हातीं आली कीं तिच्यांत गांवठी शब्द किती आहेत हें मोजूं नये. ती सांगणारा कोणत्या अंगणांत उभा राहून बोलत आहे हें विचारावें. आणि एखाद्या विद्यार्थ्यानें संवादच नव्हे तर सबंध गोष्ट आपल्या घरच्या भाषेंत लिहून आणली, तर शिक्षकानें तांबडी शाई उघडण्यापूर्वी ती एकदां मोठ्यानें वाचावी. जो शब्द अडेल त्याचा अर्थ त्या विद्यार्थ्यालाच विचारावा. तेवढ्या वेळापुरता तरी तो सांगणारा आणि आपण ऐकणारे होऊं.