‘सिंहासन’ : मारुती कांबळे कोठे गेला?

जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार आधी सुरतेला आणि तेथून गुवाहाटीला गेले. त्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये ‘सिंहासन’ या चित्रपटाचे नाव दिवसातून चारदा निघत होते. नोव्हेंबर २०१९ मधल्या पहाटेच्या शपथविधीच्या वेळीही हेच झाले होते. ‘अगदी सिंहासन!’ असे म्हणायचे, मान हलवायची आणि तासाला निघून जायचे. महाराष्ट्रातल्या सुशिक्षित माणसाला राजकारणाबद्दल काही बोलायचे नसते तेव्हा तो ‘सिंहासन’ म्हणतो, अशी माझी खात्री होत चालली आहे. ज्या चित्रपटाने १९७९ साली प्रेक्षकाला अस्वस्थ केले त्याची अशी म्हण होऊन बसावी, हे त्या चित्रपटाचे यश की आपले अपयश? या प्रश्नापायी मी तो विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा पाहिला. त्याआधीच्या शनिवारी त्यांना ‘सामना’ दाखवला होता. हा क्रम मी फार विचार करून लावला नव्हता. परंतु पुढे जे लिहितो आहे ते सगळे त्या क्रमातूनच निघाले आहे.

‘सिंहासन’ची कूळकथा वाचकांना ठाऊक असेल. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांना एक निनावी फोन येतो की तुम्हाला खाली खेचण्याचा कट शिजतो आहे. संशयाची सुई अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांच्याकडे वळते. मग आमदारांची मोजदाद, गुप्त भेटीगाठी, कामगार पुढारी डिकास्टा याच्या संपाचे वजन कोणाच्या पारड्यात पडणार याचे हिशेब, आणि या साऱ्याला खालून लागलेला स्मगलरांच्या दुनियेचा ओला वास. हे सगळे पाहत असतो पत्रकार दिगू टिपणीस. (मुख्यमंत्र्याचे आडनाव शिंदे होते म्हणून २०२२ साली आमच्या स्टाफरूममध्ये बराच हशा पिकला. त्याआधी २००३ साली महाराष्ट्राला आणखी एक शिंदे मुख्यमंत्री मिळाले होते आणि ते दलित समाजातून आलेले होते, याची आठवण मात्र कोणाला झाली नाही.)

या चित्रपटाची पहिली ताकद त्याच्या नटसंचात आहे. अरुण सरनाईक, श्रीराम लागू, निळू फुले, सतीश दुभाषी, दत्ता भट, मधुकर तोरडमल, श्रीकांत मोघे, मोहन आगाशे, शिवाय तेव्हा नवखे असलेले नाना पाटेकर आणि रीमा. हिंदी सिनेमात एवढे तारे एकत्र येतात ते तिकीटबारीसाठी. येथे मात्र एवढ्या मोठ्या नटांपैकी कोणालाच नायक होऊ दिलेले नाही. प्रत्येकाच्या वाट्याला काही प्रसंग येतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या सावलीत जातो. खुर्ची तेवढी जागेवर राहते. मला वाटते, चित्रपटाचे म्हणणे त्याच्या संवादांपेक्षा या मांडणीतून अधिक नेमके कळते. सरनाईकांचा मुख्यमंत्री तर आजही शिकवण्याजोगा आहे. तो आवाज चढवत नाही. समोरच्याला बोलू देतो आणि त्याच्या बोलण्यातून त्याची किंमत काढतो. असा माणूस आपण जिल्हा परिषदेत, संस्थेच्या कार्यालयात, प्राध्यापक भरतीच्या मुलाखतीतही पाहिलेला असतो.

अमेरिकेत १९७६ साली ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ आला. त्यात दोन वार्ताहर खणत जातात, छापत जातात, आणि राष्ट्राध्यक्षाची खुर्ची हलते. दिगू टिपणीसला सगळे ठाऊक असते, पण त्या ठाऊक असण्याचा कोणाला उपयोग नाही. अखेरीस तडजोड होते, काल एकमेकांच्या गळ्याला लागलेले आज एका पंगतीला बसतात आणि दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. आणीबाणीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या आणि जनता पक्षाचा प्रयोग डोळ्यांदेखत फुटताना पाहणाऱ्या मध्यमवर्गाला ते हसणे आपले वाटले, यात नवल नाही.

पण ते आपले होते का?

येथे ‘सामना’कडे परत जावे लागते. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला हा चित्रपटही जब्बार पटेल आणि तेंडुलकर यांचाच. त्यात निळू फुले हिंदुराव आहेत, म्हणजे साखर कारखान्याच्या जोरावर सारा मुलूख खिशात घातलेला पुढारी. आणि लागू आहेत त्या मुलखात येऊन पडलेला, दारूने खंगलेला एक जुना मास्तर. ‘सिंहासन’मध्ये जागा बदलल्या. लागू सत्तेच्या बाजूला गेले, फुले प्रश्न विचारणाऱ्याच्या. निळू फुल्यांचे मला विशेष वाटते. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला हा माणूस. त्याला पडद्यावर पाटील म्हणून पाहताना गावोगावच्या बाया बोटे मोडत, आणि त्याच चेहऱ्याने दिगूचा थकलेला प्रामाणिकपणा उभा केला.

नट जागा बदलतात तेव्हा प्रश्नही बदलला का, हे पाहायला हवे. ‘सामना’तला मास्तर एकच गोष्ट विचारत फिरतो. फौजेतून गावी परतलेला मारुती कांबळे नावाचा एक माणूस होता, त्याचे पुढे काय झाले? या एका प्रश्नाने हिंदुरावाचे साम्राज्य हादरते. त्या आडनावाचा अर्थ आपल्या वस्तीत कोणाला फोड करून सांगावा लागला नसेल. मारुती कांबळे पडद्यावर फारसा नाही, पण सगळा चित्रपट त्याच्याभोवती फिरतो. सत्ता म्हणजे काय? तर एका माणसाला नाहीसे करता येणे आणि गावाने त्याबद्दल गप्प राहणे. मराठी चित्रपटात सत्तेची इतकी नेमकी व्याख्या क्वचितच झाली असेल.

चार वर्षांनी तोच दिग्दर्शक आणि तोच लेखक मुंबईला, मंत्रालयात येतात, आणि प्रश्न होतो : मुख्यमंत्री कोण राहणार? दिगू टिपणीस हुशार आहे, सहृदय आहे, परंतु तो कोणा कांबळेबद्दल विचारत नाही. झोपडपट्टीतली माणसे दिसतात, कामगार दिसतात, स्मगलरांच्या हाताखाली भरडली जाणारी माणसे दिसतात, आणि ती खरी वाटतात. पण वरच्या मजल्यावरचा एकही डाव त्यांच्या प्रश्नावरून फिरत नाही. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने चित्रपट संपल्यावर मला विचारले, “सर, मागच्या शनिवारचा मारुती कांबळे यात कोठे गेला?” मी उत्तर टाळले. ते शोधायला मला थोडे दिवस लागले.

तारखा पाहा. १८ जुलै १९७८ रोजी, वसंतदादा पाटलांच्या सरकारातून बाहेर पडून, शरद पवार मुख्यमंत्री झाले. पुरोगामी लोकशाही दलाचे हे सरकार कसे बनले याची कथा ‘सिंहासन’पेक्षा कमी रंजक नाही. २७ जुलै रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यात जे पेटले ते या पानांच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. शेकडो गावांतून दलितांची घरे जाळली गेली. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. माझ्या आईचे माहेर त्याच जिल्ह्यातले. ती तेव्हा दहा वर्षांची होती. ती फार सांगत नाही. “रातभर वढ्यात बसून व्हतो, सकाळी पाहिलं तर घरावर पत्रं नव्हते,” एवढेच.

म्हणजे पडद्यावर कांबळे १९७५ साली होता, गावात कांबळे १९७८ साली मारला गेला आणि १९७९ साली पडद्यावरून कांबळे गेला होता. कादंबऱ्या या घटनांच्या आधीच्या आहेत हे मला मान्य आहे. मी चित्रपटावर तारखा चुकवल्याचा आरोप करत नाही. माझे म्हणणे त्याच्या घाटाबद्दल आहे. कटाची गोष्ट सांगायची म्हटले की राजकारण बंद दाराआड गेलेच. कोणी कोणाला फोन केला, कोणी कोणाला विकले, याला महत्त्व येते. प्रेक्षक कान लावून बसतो आणि गुपित कळले की त्याला वाटते आपल्याला राजकारण कळले. आपल्यावर जे झाले ते मात्र कुजबुजत झालेले नाही. ठराव भर सभागृहात एकमताने झाला. घरे भर दिवसाही जळली. आणि अंमलबजावणी थांबली ती सगळ्यांच्या उघड संमतीने. त्यात कोणता निनावी फोन होता?

आमच्या नाशिकला हे नवे नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. ९ एप्रिलच्या रामनवमीला रथ स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून ओढायचा, असा समझोता झाला होता. आपले निवडक गडी दोराला हात घालण्याआधीच रथ पळवून नेण्यात आला आणि दगडफेक झाली. हा कटच होता, आणि तो हजारो लोकांसमोर, पोलिसांच्या बंदोबस्तात झाला. त्या रस्त्याने मी रोज जातो. तेथे दिगू टिपणीसची गरज नव्हती, सगळ्या गावाने पाहिले होते.

आता सिंहासनाचाच हिशेब मांडू. जुलै १९७८ चा ठराव अमलात आला १४ जानेवारी १९९४ रोजी, तोही नामांतर म्हणून नव्हे तर नामविस्तार म्हणून. या साडेपंधरा वर्षांत पवार गेले, राष्ट्रपती राजवट आली, मग अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण, पुन्हा पवार, सुधाकरराव नाईक आणि परत पवार. यातल्या बहुतेक प्रत्येक बदलात एक ‘सिंहासन’ दडलेले आहे. पुतळ्याभोवती प्रदक्षिणा घालाव्यात तशी माणसे खुर्चीभोवती फिरत राहिली आणि तो कागद जेथे होता तेथेच पडून राहिला. १९७९ साली जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च दीक्षाभूमीहून औरंगाबादेकडे निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. राजकारण तेथे चालले होते. खुर्चीची गोष्ट सांगणाऱ्याला तो रस्ता दिसत नाही, कारण त्याचा कॅमेरा पहिल्यापासून आत लावलेला असतो.

यावर एक आक्षेप येईल. सत्तेच्या वर्तुळात दलित नव्हताच, मग वास्तववादी दिग्दर्शकाने तो दाखवायचा कोठून? हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. दलित त्या वर्तुळाच्या बाहेर होता, आणि आतही होता. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले आणि त्यातल्या कोणत्या तुकड्याला कोणत्या मुख्यमंत्र्याने किती जागांवर बसवले, हा इतिहास आपण कुजबुजत सांगतो. दादासाहेब गायकवाडांसारखा भूमिहीनांना घेऊन तुरुंगात जाणारा माणूस या नाशिक जिल्ह्याने दिला, आणि काँग्रेसशी १९६७ साली झालेल्या समझोत्याचे पक्षावर काय परिणाम झाले याचा वादही त्याच काळातला. तेंडुलकरांना हे पात्र सहज लिहिता आले असते : मुख्यमंत्र्यांच्या दिवाणखान्यात, निळा बिल्ला लावून, ताटकळत बसलेला आपला माणूस. ते त्यांनी लिहिले नाही याचे दुःख करावे, की आपल्यापैकी कोणी ते लिहिले नाही याचे? दुसऱ्याने आपल्याला वगळले ही तक्रार करताना आपण स्वतःबद्दल किती गप्प आहोत तेही पाहावे. आपल्या कवितेने वस्ती लिहिली, आपल्या आत्मकथनांनी गाव लिहिला. आपला पुढारी मात्र अजून लिहिला गेलेला नाही.

जब्बार पटेलांबद्दल एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९९४ साली, म्हणजे नामविस्ताराच्याच वर्षी, त्यांनी ‘मुक्ता’ केला. त्यात मराठा राजकीय घराण्यातली मुलगी आणि दलित कवी यांची गाठ पडते. नंतर बाबासाहेबांवरचा चित्रपटही त्यांनीच केला. तेव्हा हा दिग्दर्शक त्या प्रश्नाकडे परत आला, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु मंत्रालयातल्या खुर्चीखाली कोण दबले आहे हे विचारणारा मराठी चित्रपट ‘सामना’च्या प्रश्नाइतक्या धारेने पुन्हा झाला, असे मला दिसत नाही. आणि दिगूच्या हसण्याचे म्हणाल तर, हताश होऊन वेडे होण्यासाठीही आधी काही विश्वास असावा लागतो. त्याचा विश्वास खुर्चीवर होता, म्हणून तो तुटला. ओढ्यात रात्र काढलेल्या माझ्या आईने दुसऱ्या दिवशी पत्रे शोधून आणले.

पुढच्या शनिवारी चित्रपट नाही. त्या मुलीसह पाच जण येथल्या सार्वजनिक वाचनालयात जाणार आहेत. १९७८ च्या जुलै-ऑगस्टचे ‘गावकरी’चे आणि मुंबईच्या दैनिकांचे अंक पाहायला मिळतात का, हे त्यांना विचारायचे आहे. मिळाले तर मंत्रिमंडळाच्या बातम्या कोणत्या पानावर होत्या, टेंभुर्णी कोणत्या पानावर होती आणि तिला किती ओळी मिळाल्या, हे त्यांनी वहीत उतरवून आणायचे आहे.