खानावळीची वही आणि गिरणगावचे साहित्य

परळची आमची खोली पुनर्विकासासाठी रिकामी करताना माळ्यावर आजीच्या खानावळीची वही सापडली. आजीला लिहिता येत नसे. अक्षर माझ्या आत्याचे आहे. दर पानावर एकेका गड्याचे नाव, त्याखाली खाडे, पाहुण्याचे ताट, जमा आणि बाकी. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षीच्या मार्चपासून 'जमा'चा रकाना कोरा होत जातो. ताटे मात्र चालूच आहेत.

अलीकडे पैशाविना जगण्यावर पुष्कळ लिहिले जाते. जर्मनीतल्या हायडेमारी श्वेर्मर यांनी 1996 पासून पैसा वापरणे सोडले. मार्क बॉयल या आयरिश तरुणाने 2008 मध्ये इंग्लंडात तोच प्रयोग केला आणि त्यावर 'द मनीलेस मॅन' हे पुस्तक लिहिले. असे काही वाचले की आपला वाचक म्हणतो, यात नवल ते काय, आमच्या चाळीत हेच होते. हे वाक्य मीही व्याख्यानांत टाळ्यांसाठी वापरले आहे. वही वाचल्यापासून ते तोंडातून निघत नाही. श्वेर्मर आणि बॉयल यांनी ती वाट निवडली होती. सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांवर ती येऊन पडली. आणि तेव्हाही पैसा नाहीसा झाला नव्हता. तो कुणीतरी दुसऱ्याने भरला होता. गिरणगावच्या साहित्याला मला विचारायचे आहे ते एवढेच, की हा दुसरा माणूस तुम्हाला दिसला का?

चाळीच्या आपलेपणाची जी प्रतिमा आपल्या डोक्यात पक्की बसली आहे, ती मुख्यतः गिरगावी मध्यमवर्गाची. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'ने (1958) तिला रूप दिले. अखेरच्या 'चिंतना'त विनोद बाजूला सरतो आणि संपत चाललेल्या सहजीवनाची हळहळ उरते. पुढच्या अनेक स्मरणलेखांनी हा सूर उचलला. पुस्तकाचा आधीचा भाग मात्र त्यांनी सोडून दिला, आणि माझ्या मते तोच अधिक खरा आहे. तिथे हेवेदावे आहेत, फुशारक्या आहेत, वर्गणीवरून कुरबुरी आहेत. वाटीभर साखर शेजारी जाते ती परत येणार या हिशेबानेच. एक तारखेला पगार येणाऱ्या घरांची ही देवघेव होती. महिनाअखेरची ओढाताण वेगळी आणि दीड वर्ष पगारच नसणे वेगळे.

लालबाग-परळला मामला निराळा. तिथे गावकऱ्यांचे गाळे होते. एका खोलीत कोकणातल्या किंवा घाटावरच्या एकाच गावची वीस-पंचवीस माणसे, ज्याची त्याची पेटी आणि वळकटी; एक पाळी कामावर गेली की तिच्या जागेवर दुसरी झोपायची. भाडे वाटून, आजारपणात गाववाल्यांचा आधार, नव्याला नोकरी लावायची तीही ओळखीने. ही व्यवस्था चालत होती कारण बायका-मुले गावी होती. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' गावावर राहिली, ती आपण विरहाची लावणी म्हणून आणि संयुक्त महाराष्ट्राची हाक म्हणून ऐकतो. तिच्यात एक अर्थशास्त्रही आहे. मैना गावी शेत कसत होती, म्हणून गिरणीला तिच्या नवऱ्याला एकट्याच्या पोटापुरता पगार देऊन भागत होते. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास लिहिताना गाव आणि शहर यांची ही गुंतवण तपशिलाने दाखवली आहे. मराठी समीक्षेने ती या लावणीपर्यंत आणायला हवी होती.

नारायण सुर्वे यांचे आयुष्य तर वाटून घेण्याचा टोकाचा दाखला. रस्त्यावर सापडलेले मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी नेले, आपले नाव दिले. आपण हे नेहमी सांगतो. पुढचे कमी सांगतो: गंगाराम निवृत्त होऊन गावी गेले आणि नारायण कोवळ्या वयात मुंबईत एकटा उरला. इथे दोष कुणाचाच नाही. पगार थांबला की शहरातली माया चालवायला साधनच उरत नसे. सुर्व्यांच्या कवितेत माणसांविषयी अपार ओढ असूनही लाडिकपणा नाही, त्याचे मूळ मला इथे दिसते.

आता पुन्हा वहीकडे. खानावळवाली महिनाभर आधी जेवू घाले आणि पगार झाल्यावर पैसे घेई. वाण्याची उधारी, सावकाराचे व्याज तिच्या डोक्यावर. म्हणजे गिरणगावातली ती बिनपाटीची पेढीच होती. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, ते नेमके हे ओळखून. आजी त्यात नव्हती. संपाच्या पानांवर 'तांदूळ गावचे, दोन पायली' अशा नोंदी आहेत आणि पुढे बाजारभावाने रक्कम मांडून ती बाकीतून वजा केली आहे. कुणी पाणी भरले, कुणी रॉकेलच्या रांगेत उभा राहिला, त्यांची फक्त नावे आहेत, आकडा नाही. आजीला हिशेब कुठवर करायचा हे कळत होते. ऑगस्टच्या एका पानावर गड्यांपैकी कुणाचेच नाव नाही. 'बांगड्या चार, गहाण' एवढेच. चुलीतला जाळ त्यानंतर वर्षभर त्या चार बांगड्यांवर चालला, आणि त्या परत आल्याची नोंद कुठेही नाही.

हा माणूस साहित्यात सर्वांत जवळून दिसतो तो जयंत पवार यांच्या 'अधांतर'मध्ये. 1997 साली रंगभूमीवर आलेले हे नाटक संपानंतरच्या एका घराचे आहे. आई, तीन मुलगे, एक मुलगी. एक मुलगा टोळीकडे वळलेला. दहा बाय दहाच्या खोलीत सगळे एकमेकांचे काहीतरी हिसकावत असतात, आणि त्यांच्यामध्ये आई घर धरून ठेवते. इथे शेजारधर्माची आरती नाही, म्हणून ते पुन्हापुन्हा वाचवते. माझी तक्रार एवढीच की आईचे सोसणे पवार दाखवतात, तिची व्यवहारबुद्धी तेवढी दाखवत नाहीत. आजी सोशिक नव्हती. ती भाव करायची, दोघा गड्यांना तिने दारातून परत पाठवल्याचेही वहीत आहे. 'अधांतर'वरून निघालेल्या 'लालबाग परळ' या 2010च्या चित्रपटात तर गोळीबारापुढे स्वयंपाकघराला जागाच उरली नाही.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' (2004) या ग्रंथात गिरणगावच्या माणसांना स्वतः बोलू दिले, त्यात बायकाही बोलतात. कथा-कादंबरीने जे सोडले त्यातले बरेच तिथे सापडते. पण बोललेली आठवण वीस वर्षांनी मऊ होते. वहीतली बाकी तशीच राहते. अशा वह्या परळ-लालबागच्या खोल्यांत माळ्यांवर अजून असणार. खोली रिकामी करायची तारीख येते तेव्हा त्या पितळी भांड्यांबरोबर खाली उतरतात. भांडी मोडीत जातात आणि वह्या रद्दीत. आमचीही गेलीच असती. रद्दीवाल्याने गठ्ठा बांधला होता, काट्यावर चढवायचा बाकी होता.